निळे डोळे आणि वर्णाचा रकाना

१

टोनी मॉरिसन यांची 'द ब्लूएस्ट आय' ही पहिली कादंबरी १९७० साली प्रसिद्ध झाली. आपल्याकडे दलित साहित्याची चळवळ आकार घेत होती तोच हा काळ. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तीही अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. तेव्हापासून कृष्णवर्णीयांचे साहित्य आणि दलित साहित्य यांची तुलना आपल्या समीक्षेत पुष्कळ झाली. परंतु या तुलनेची गाडी बहुधा एकाच ठिकाणी येऊन थांबते : त्यांनाही नाकारले गेले, आम्हालाही नाकारले गेले, त्यांनीही नकार दिला, आम्हीही दिला. 'द ब्लूएस्ट आय' मध्ये मात्र नकार देणारी नायिका नाही. तिच्यात अकरा वर्षांची एक काळी मुलगी आहे. तिला निळे डोळे हवे आहेत. आणि ते आपल्याला मिळाले असे तिला वाटू लागते तेव्हा तिचे भान सुटलेले असते. विद्रोहाचे माप लावले तर या कादंबरीतून हाती फारसे काही लागत नाही. म्हणूनच कदाचित आपल्या लेखांत ती नावापुरती येते.

मी ही कादंबरी एम. ए.च्या वर्गाला शिकवते. वर्गात बहुतेक मुलेमुली माझ्यासारखीच, घरातली पहिली शिकणारी. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "मॅडम, पिकोलाला वेड समाजाने लावलं, की तिच्या डोक्यातच आधी काही होतं?" मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, "समाजाने." वर्गाने माना डोलावल्या. ती मुलगी मात्र खाली बघत वहीत रेघा ओढत राहिली. माझे उत्तर चूक नव्हते. पण ते अपुरे होते, आणि ते अपुरे आहे हे मला त्याआधीच ठाऊक असायला हवे होते. त्या अपुरेपणाचा शोध घेणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२

कादंबरीची सुरुवात शाळेतल्या वाचनपाठाने होते. सुंदर घर, हसरी आई, धिप्पाड वडील, डिक आणि जेन, मांजर आणि कुत्रा. तोच पाठ पुन्हा येतो तो विरामचिन्हांशिवाय, आणि तिसऱ्यांदा येतो तेव्हा शब्दांमधली जागाही नाहीशी होऊन अक्षरांचा एक गोळा उरतो. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला या रचनेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पुस्तकाच्या चित्रातले घर आपले नव्हे, हे त्याला अक्षरओळखीबरोबरच कळलेले असते.

ओहायो राज्यातले लोरेन हे गाव, १९४०-४१ चा काळ. क्लॉडिया ही नऊ वर्षांची मुलगी आपल्याला पिकोला ब्रीडलव्हची हकीकत सांगते. पिकोलाचा बाप चॉली दारूच्या नशेत स्वतःचेच घर पेटवतो, म्हणून ती काही दिवस क्लॉडियाच्या घरी राहायला येते. तेथे शर्ली टेंपल या गोऱ्या बालनटीचे चित्र असलेला एक कप आहे. त्या कपातून पिता यावे म्हणून पिकोला घरातले सगळे दूध संपवते. क्लॉडियाची आई दुधाच्या नावाने दिवसभर बोलत राहते. दूध नव्हे, तो चेहरा ती पोरगी पीत होती, हे तिच्या ध्यानात येत नाही. पुढे पिकोला गोळ्या आणायला दुकानात जाते. दुकानदार तिच्याकडे बघतो, पण त्याच्या नजरेत ती उमटत नाही. तेथे कोणी माणूस उभे आहे याची नोंदच ती नजर घेत नाही. आपल्याकडे पैसे हातात न घेता उंबऱ्यावर ठेवायला सांगणारी दुकाने ज्यांनी पाहिली, त्यांच्या आईबापांना ही नजर परिचयाची आहे.

या प्रसंगांहून महत्त्वाचे एक स्थळ कादंबरीत आहे. ब्रीडलव्ह कुटुंबाच्या कुरूपतेचे वर्णन करताना लेखिका सांगते की त्यांचे चेहरे बारकाईने पाहिले तर कुरूपतेचे कारण सापडत नाही. ते कुरूप आहेत ते आपण कुरूप आहोत या खात्रीमुळे. जणू कोणा सर्वज्ञ धन्याने प्रत्येकाला कुरूपतेचा एकेक अंगरखा दिला आणि त्यांनी तो निमूटपणे अंगावर चढवला. जाहिराती, सिनेमा, येणाऱ्याजाणाऱ्याची नजर, सगळ्यांनी त्या धन्याच्या शब्दाला दुजोरा दिला. अपमान बाहेरून येतो हे आपण सर्वजण लिहितो. तो आत येऊन कसा राहतो, आपले घरभाडे आपल्याकडूनच कसे वसूल करतो, हे मॉरिसन यांनी लिहिले.

पिकोलाच्या आईची, पोलीनची, हकीकत याच सूत्राने जाते. गरोदरपणी ती एकटीच सिनेमाला जाऊन बसते. जीन हार्लो या नटीसारखी केशरचना करते. एके दिवशी सिनेमागृहात गोळी चावताना तिचा पुढचा दात तुटतो, आणि तिथून पुढे ती स्वतःच्या रूपाचा नाद सोडून देते. पण नाद सुटला म्हणजे मोजपट्टी सुटली असे नाही. ती तीच मोजपट्टी पोटच्या मुलीला लावते. ज्या गोऱ्या घरी ती स्वयंपाकाला आहे तेथे पिकोलाच्या हातून फळांच्या गरम पक्वान्नाचे भांडे पडते. पाय भाजतात मुलीचे. आई तिलाच मारते आणि जवळ घेते ती मालकाच्या रडणाऱ्या मुलीला. मालकाची मुलगी तिला 'पॉली' म्हणते. तिची स्वतःची मुलगी तिला 'मिसेस ब्रीडलव्ह' म्हणते. एवढ्या एका तपशिलात घर परके होण्याची सगळी प्रक्रिया आली आहे.

शेवटी बाप तिच्यावर अत्याचार करतो. मूल राहते आणि मरते. मधल्या काळात पिकोला सोपहेड चर्च नावाच्या एका भोंदूकडे निळे डोळे मागायला जाते. तो तिच्या हातून एका म्हाताऱ्या कुत्र्याला विष घालवतो आणि कुत्र्याची तडफड हा मागणी मंजूर झाल्याचा कौल म्हणून तिच्या गळी उतरवतो. शेवटच्या प्रकरणात पिकोला आरशासमोर एका कल्पित मैत्रिणीशी बोलत बसलेली आहे. डोळे तर निळे झाले. आता तिला नवी धास्ती आहे : आपल्यापेक्षा निळे डोळे कोणाचे असले तर? मागितलेले मिळाले, तरी आरशापुढून ती उठू शकत नाही.

३

हा शेवटचा तपशील वैद्यकाच्या ओळखीचा आहे. एनरिको मॉर्सेली या इटालियन डॉक्टराने १८९१ साली अशा रुग्णांची नोंद करून या विकाराला पहिले नाव दिले. आज त्याला 'बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर' म्हणतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात हे नाव १९८७ साली आले, आणि २०१३ साली हा विकार मंत्रचळेपणाशी नाते असलेल्या विकारांच्या गटात ठेवण्यात आला. म्हणजे हा नटवेपणा नव्हे, गर्वही नव्हे. नटणाऱ्याला आरशात सुख असते. या रुग्णाला तेथे सुख मिळत नाही आणि त्याच्यापासून सुटकाही मिळत नाही.

नाक, त्वचा, केस, जबडा, अशा एखाद्या गोष्टीत आपल्यात मोठे व्यंग आहे या विचाराने माणूस पछाडला जातो. दिवसाचे तासन् तास त्यात जातात. पुन्हा पुन्हा आरसा बघणे, किंवा आरसा दिसेल ती वाटच टाळणे, चेहरा झाकणे, त्वचा खुडत राहणे, दुसऱ्यांशी तुलना करणे, "खरंच दिसतं का गं?" असे दहादा विचारणे. उत्तराने दोन मिनिटे बरे वाटते, मग पुन्हा तेच. शाळा सुटते, काम सुटते, माणसे सुटतात. बहुधा किशोरवयात याची सुरुवात होते. शंभरात सुमारे दोन माणसांना तो असतो असा अंदाज आहे. म्हणजे तो दुर्मीळ नाही, लपलेला आहे. या रुग्णांत आत्महत्येचा धोका मोठा असतो, म्हणून तो हसण्यावारी नेण्याचा विषय नाही. चेहऱ्यावरच्या शस्त्रक्रियांनी किंवा उपचारांनी सहसा समाधान होत नाही. व्यंगाची जागा बदलते, नाहीतर पिकोलासारखी नवी धास्ती येते. उपयोग होतो तो विचार आणि सवयी यांवर नेटाने काम करणाऱ्या मानसोपचाराचा आणि मंत्रचळेपणावर देतात त्या प्रकारच्या औषधांचा.

हे सगळे मान्य केले पाहिजे. पण या विकाराच्या व्याख्येत एक शब्द आहे, तेथे आपल्याला अडखळणे भाग आहे. ज्या व्यंगाने रुग्ण पछाडलेला असतो ते 'इतरांना' दिसत नाही, किंवा अगदी क्षुल्लक वाटते, असे व्याख्या सांगते. हे इतर कोण? डॉक्टरच्या खोलीत हा शब्द सरळ वाटतो. लोरेन गावात तो सरळ नाही. पिकोलाचे 'व्यंग' इतरांनाच आधी दिसले. दुकानदाराला दिसले, शिक्षकांना दिसले, उजळ कातडीच्या मॉरीन पीलला दिसले, आईला दिसले. पिकोलाला ते सर्वांत शेवटी दिसले. इतरांना जे दिसत नाही ते रुग्णाला दिसते हा भ्रम असेल, तर ज्या समाजाला एका निरोगी मुलीच्या डोळ्यांत आणि कातडीत खोट दिसते त्या समाजाच्या भ्रमाला कोणते नाव द्यावे?

हा प्रश्न केवळ कादंबरीतला नाही. केनेथ आणि मॅमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या २५३ काळ्या मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. बाहुल्या सारख्याच, फरक फक्त रंगाचा. १९४७ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे दोन तृतीयांश मुलांनी खेळायला गोरी बाहुली निवडली. "तुझ्यासारखी कोणती?" असे विचारल्यावर काही मुले अस्वस्थ झाली, काही रडली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला तेव्हा निकालपत्राच्या तळटिपेत क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख होता. एवढी सगळी मुले एकाच वेळी आजारी नव्हती. त्यांना जग नेमके कळले होते.

४

आता आपल्याकडे वळू. मराठीत 'वर्ण' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो : चातुर्वर्ण्यातला वर्ण आणि कातडीचा वर्ण. भाषेने या दोन गोष्टी एका शब्दात ठेवल्या हा योगायोग समजून सोडून देता येत नाही. वास्तविक जात कातडीवरून ओळखता येत नाही. काळे ब्राह्मण आहेत, गोरे महार आहेत. तरीही उजळ मुलीला "तू त्यांच्यातली वाटत नाहीस" असे सांगितले जाते, आणि सांगणाऱ्याला ते कौतुक वाटते. बाहेरचे हे असे. आपले काय? २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. आणि आज आपल्याच वधूवर मेळाव्यांत, धम्मवंदना घेऊन सुरू झालेल्या मेळाव्यांत, छापील परिचयपत्रावर शिक्षण आणि नोकरी यांच्यामध्ये एक रकाना असतो : 'वर्ण'. त्यात कोणी 'काळा' लिहीत नाही. 'गोरा', 'निमगोरा', 'गव्हाळ' यांवर गोष्ट थांबते. सावळ्या मुलीचा बाप 'गव्हाळ' लिहिताना क्षणभर पेन थांबवतो, तो क्षण मी जवळून पाहिला आहे. पुस्तक जाळले, रकाना राहिला.

या रकान्यावर एक बाजारपेठ उभी आहे. 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली बाजारात आली; २०२० साली नावातला 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला. नाव बदलल्याने रकाना बदलत नाही. त्याहून घातक म्हणजे स्टिरॉइड असलेली मलमे. गोरेपणासाठी मुली ती महिनोन् महिने चोपडतात. कातडी पातळ होते, पुरळ येते, मलम थांबवले की चेहरा भाजल्यासारखा लाल होतो. २०१८ साली सरकारने अशी मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, पण तालुक्याच्या गावी चिठ्ठी कोण मागतो?

येथे कोणी म्हणेल की मग दिसण्याचा विचार करणेच चूक. तसे मुळीच नाही. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' (१९८६) मध्ये नोंदवले आहे की महार बाईने लुगड्याचे काठ निऱ्यांत दडवून नेसायचे, ते दिसता कामा नयेत, असा दंडक होता. म्हणजे दिसणे हा आपल्याकडे कधीच निव्वळ हौसेचा प्रश्न नव्हता. कोणी कसे दिसावे याचा कायदा होता. महाडच्या त्याच परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना वेगळे उद्देशून सांगितले की अस्पृश्यपणाची खूण ठरणारी नेसण सोडा, कोपरापर्यंतच्या बांगड्या आणि गळ्यातले जडशीळ दागिने टाका, स्वच्छ राहा. अनेक बायांनी लगेच नेसण बदलली. बाबासाहेबांचा स्वतःचा कोट आणि टाय यांचाही अर्थ हाच.

मग काठ उघडा करणारी बाई आणि निळे डोळे मागणारी पिकोला यांत फरक कोणता? दोघींनाही वेगळे दिसायचे आहे. परंतु काठ उघडा करणारी बाई एक नियम मोडते. तिची मागणी गावाकडे आहे, आणि ती एकटी नाही; तिच्याबरोबर सभेतल्या शेकडो बाया आहेत. पिकोलाची मागणी स्वतःच्या देहाविरुद्ध आहे, आणि ती ठार एकटी आहे. देह बदलला म्हणजे नजर बदलेल, असे तिला वाटते. दिसण्याचा विचार स्वाभिमानाचा की घाताचा हे ठरवायला मला तरी हीच कसोटी उपयोगी वाटते : तो विचार आपल्याला माणसांत नेतो, की माणसांतून उठवतो?

५

येथपर्यंतचे विवेचन वाचून माझ्या वर्गाने पुन्हा माना डोलावल्या असत्या. म्हणून आता जे सांगायचे टाळत होते ते सांगते.

मी पदवीला असताना वसतिगृहात माझ्या खोलीत एक मुलगी होती. आमच्यातलीच. हुशार, अक्षर मोत्यासारखे. दुसऱ्या वर्षी तिने वर्गात पहिल्या बाकावर बसणे सोडले, मग वर्ग सोडला. ओढणी जबड्याभोवती गुंडाळून फिरे. रात्री दिवा गेल्यावर मोबाइलच्या उजेडात छोटा आरसा धरून बसलेली मी तिला कितीदा पाहिली. एकदा तिने मला सांगितले, "माझा जबडा डाव्या बाजूला वाकडा आहे. सगळे त्यावरच हसतात." मला काही दिसेना. मी तिला रंगावर, ब्राह्मणी सौंदर्यकल्पनेवर, गुलामीच्या मानसिकतेवर तासभर ऐकवले. शेवटी म्हणाले, "हा न्यूनगंड आहे, तो फेकून दे." ती म्हणाली, "मी रंगाचं कुठं म्हणतेय?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. त्यानंतर ती माझ्याशी या विषयावर बोलली नाही. परीक्षेआधी घरी गेली ती परत आली नाही. आज ती कोठे आहे मला माहीत नाही.

पिकोलाची खोट सगळ्यांना दिसत होती आणि ती नव्हतीच. माझ्या मैत्रिणीची खोट तिच्याखेरीज कोणालाच दिसत नव्हती. पहिलीला समाजाने मारले, हे खरे आहे. दुसरीला आजार होता, आणि त्या आजाराला डॉक्टर हवा होता. माझ्याजवळ व्याख्यान होते. तिच्या घडणीत जातीच्या टोचण्यांचा वाटा नव्हता असे मी म्हणत नाही. लहानपणीची चिडवाचिडवी, अवहेलना, मारहाण यांचा या विकाराशी संबंध आढळतो, आणि ते आपल्या मुलांच्या वाट्याला जास्त येते. पण विषमता हे कारण सापडले म्हणून उपचार सापडला असे होत नाही. दूषित पाण्याने पटकी होते हे सांगून पटकी झालेल्या माणसाला आपण मोर्चात चालायला लावत नाही.

आपल्या चळवळीत 'न्यूनगंड' हा शब्द आरोपासारखा वापरला जातो. ज्याला तो आहे तो कच्चा कार्यकर्ता. या ठिकाणी मॉरिसन यांची कादंबरी आपल्यावर उलटते. क्लॉडिया ही कादंबरीतली विद्रोही मुलगी. नाताळात मिळालेली निळ्या डोळ्यांची बाहुली ती मोडून बघते, तिच्यात सुंदर म्हणतात ते आहे तरी कोठे ते शोधते. आपल्या समीक्षकाला क्लॉडिया आवडेल. पण शेवटी हीच क्लॉडिया कबूल करते की पिकोलाच्या कुरूपतेशेजारी उभे राहून आम्ही स्वतःला सुंदर मानले, तिच्या दुबळेपणावर आमचे सामर्थ्य पोसले. अत्याचार करणारा गेला, भोंदू गेला, गोरा दुकानदारही बाजूला झाला. आरोपीच्या पिंजऱ्यात उरली ती आपल्याच वस्तीतली शहाणी मुलगी.

कादंबरी येथे पुरती यशस्वी झाली असे मात्र मला वाटत नाही. पिकोला इतकी दुबळी रंगवली आहे की वाचक तिची कीव करून मोकळा होतो आणि क्लॉडियाचा कबुलीजबाब त्याच्या अंगावरून निघून जातो. खुद्द लेखिकेनेही १९९३ साली या कादंबरीला जोडलेल्या टिपणात अशाच अर्थाची खंत व्यक्त केली. निळे डोळे हवे असलेली एक वर्गमैत्रीण मॉरिसन यांना लहानपणी खरोखरच भेटली होती, हेही त्यांनी तेथे सांगितले आहे. एका मैत्रिणीचे ऐकून घेण्यातून ही कादंबरी जन्मली. मी माझ्या मैत्रिणीचे ऐकले नाही.

आपली आत्मकथने भुकेबद्दल बोलली, अपमानाबद्दल बोलली, आणि ते बोलणे मराठी साहित्याला हादरवून गेले. 'बलुतं' (१९७८) मध्ये शिकलेला दया आणि मागे राहिलेला दगडू समोरासमोर बसले. स्वतःकडे बघण्याचे धाडस तेथे आहे. पण खोलीचे दार लावून आरशासमोर तासन् तास बसलेली मुलगी किंवा मुलगा अजून आपल्या साहित्यात पुरेसा आलेला नाही. ते दुःख 'खासगी', 'मध्यमवर्गीय' वाटते म्हणून आपण टाळतो. शिकलेल्या पिढीच्या मुलांना मात्र ते आज होत आहे. त्यांच्या हातातल्या फोनमध्ये आरसा आणि गाव दोन्ही आले आहेत.

शिक्षक आणि कार्यकर्ते यांना एवढेच सुचवावेसे वाटते. आपल्या मेळाव्यांच्या परिचयपत्रावरचा वर्णाचा रकाना काढून टाका. त्याला ठराव लागत नाही, छापखान्याला एक निरोप पुरतो. आणि एखादी मुलगी चेहरा झाकून मागच्या बाकावर सरकू लागली, वर्ग चुकवू लागली, तर तिला न्यूनगंडावर व्याख्यान देऊ नका. "तू छान दिसतेस" असेही पुन्हा पुन्हा सांगू नका; त्याने विकार पोसला जातो. दिवसातला किती वेळ यात जातो, झोप लागते का, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटते का, हे सरळ विचारा आणि तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे स्वतः घेऊन जा. जिल्हा रुग्णालय दूर असेल तर २०२२ साली सुरू झालेल्या टेलि-मानस या सरकारी सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन लावून द्या.

त्या दिवशी मागच्या बाकावरून प्रश्न विचारणाऱ्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये बोलावले. कादंबरीबद्दल बोलले नाही. "तू कोणासाठी विचारलंस?" एवढेच विचारले. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "माझ्या भावासाठी."